पट्टेरी मासे आणि जामचे मिस्त्री

नोकरीच्या उत्तरार्धात काही वर्षं मी रोज दुपारी माशांच्या अंगावरचे ठिपके मोजत असे. देवळीला माहेरी गेले की माझा भाऊ कापडाच्या दुकानात बसल्या बसल्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमची कुंदा दवाखान्यात मासे पाह्यते." गिऱ्हाईक विचारायचं, "पेशंटले खायले देतेत काय?" मग सगळे हसायचे, मीही हसायची. यापलीकडे त्या माशांबद्दल माहेरी मला कधी कुणी काही विचारलं नाही. आता कुणी लिहायला सांगितलं आहे, तर सगळंच लिहिते.

माझी नेमणूक माशांसाठी नव्हतीच. वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात, कान-नाक-घसा विभागात मी ऑडिओमेट्रिस्ट होते. म्हणजे लोकांना किती ऐकू येतं ते मोजणारी बाई. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या लेखात जी चूक आहे ती माझी आहे, दवाखान्याची नाही.

काम साधं वाटतं. भोकाभोकांच्या तक्त्यांनी मढवलेली, दुहेरी दाराची एक छोटी खोली. आत पेशंट, त्याच्या कानावर हेडफोन, हातात एक बटण. काचेपलीकडे मी आणि मशीन. मी एकेक आवाज सोडायची, आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक, आणि प्रत्येक आवाज हळूहळू कमी करत न्यायची. ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. दाबेनासा झाला की मी कागदावर खूण करायची. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. सगळ्यात बारीक आवाज आठ हजारचा, म्हणजे सेकंदाला आठ हजार कंपनांचा, डासाच्या गुणगुणण्याहूनही बारीक.

दर बुधवारी अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवाल्यांची रांग असायची. त्यात खरे बहिरे असायचे आणि खोटेही. समुद्रपूरकडचा एक गडी तर इतका ठार बहिरा झाला होता की कानाशी थाळी वाजवली तरी पापणी हलेना. मी सगळी तपासणी पूर्ण केली, हेडफोन काढला, पाठ फिरवली आणि कागद आवरता आवरता अगदी पुटपुटल्यासारखं म्हटलं, "भाऊ, तुमचा रुमाल खाली पडला." तो वाकला. वाकल्यावर त्याच्या लक्षात आलं. तसाच वाकलेला राहिला बिचारा, उठावं की न उठावं. अशा गोष्टींचा मला फार अभिमान होता. माझ्या खोलीत मला कुणी फसवू शकत नाही, असं मी नव्या डॉक्टरांना सांगायची.

श्रावण मिस्त्री पहिल्यांदा आले ते नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा. हायवेवरच्या जाम गावी, चौरस्त्यावर त्यांचं ट्रक दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खांबांवर पत्रा, मागे खोली, आणि शेजारी त्यांच्या बायकोची, इंदूबाईंची चहाची टपरी. वय चाळिशीच्या आसपास, अंगानं वाळलेले. टीबी झाला होता, गोळ्या घेऊन बरा झाला होता, आणि दोन वर्षांनी उलटला होता. आता नेहमीच्या गोळ्या लागू पडत नव्हत्या, म्हणून छातीच्या विभागातल्या डॉक्टरांनी कनामायसिनची इंजेक्शनं लिहून दिली होती. रोज एक, काही महिने. ही इंजेक्शनं कानाला मारक असतात. म्हणून सुरू करण्याआधी आणि नंतर दर पंधरा दिवसांनी कान तपासायला माझ्याकडे पाठवायचे, असा नियम होता.

ते दोघं बाकावर बसले होते. बाहेर दवाखान्याची जीप येऊन थांबली. मिस्त्रींनी मान वरसुद्धा केली नाही.

"हिचा फॅनबेल्ट ढिला हाय," ते इंदूबाईंना म्हणाले. "आन् एक टॅपेट वाजून राह्यला."

मी विचारलं, "न बघता कसं कळलं?"

"पाहून काय कळते बाई? गाडी बोलते न. आपुन आयकाचं." मग थोडं थांबून म्हणाले, "नांदगावच्या चढावर गाडी असली न, तवाच मी सांगतो का ही माह्याकडं थांबन का पुढं जाईन."

इंदूबाई हसल्या. "घरात बोलावलं तं आयकू येत नाई, अन् नांदगावची गाडी आयकू येते."

त्या दिवशीची तपासणी मला आजही आठवते. चार हजारच्या आवाजाला दोन्ही कानांत खड्डा होता. हातोडा, पत्रा, इंजिन यांत जन्म काढलेल्या माणसाचा असतोच. बाकी सगळं लख्ख. आठ हजारला तर त्यांनी इतक्या हलक्या आवाजाला बटण दाबलं की मी मशीन बरोबर आहे ना म्हणून स्वतःच्या कानाला लावून पाहिलं.

आता ही इंजेक्शनं काय करतात ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्या कानाच्या अगदी आत शंखासारखी वळलेली एक इवलीशी नळी असते. तिच्यात पेशींच्या रांगा असतात आणि प्रत्येक पेशीच्या डोक्यावर केसांचा बारीक झुबका. डोक्यावरच्या केसांशी त्यांचं काही नातं नाही, दिसतात तसे म्हणून नाव केसपेशी. आवाजानं आतलं पाणी हललं की झुबका हलतो, आणि ती पेशी मेंदूकडे निरोप पाठवते. आपण ऐकतो ते या पेशींमुळे. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या तेवढ्याच, नंतर एकही नवी होत नाही. कनामायसिन रक्तातून त्या नळीत पोचतं आणि पेशी मारत सुटतं. सुरुवात बारीक आवाजाच्या टोकाकडून होते. म्हणून आठ हजारचा आवाज आधी जातो, मग सहा, मग चार, आणि मग माणसाच्या बोलण्यातले स, च, फ. आठ हजार खाली आलं की धोक्याची घंटा. तेवढ्यासाठीच ही तपासणी.

पंधरा दिवसांनी मिस्त्री आले, कान ठीक होते. पुढल्या खेपेला आले तो बुधवार होता. बाहेर सर्टिफिकेटवाल्यांची रांग जिन्यापर्यंत. दुसऱ्या दिवसापासून मला दिवाळीची रजा होती, देवळीला जायचं होतं. त्यातच वीज गेली आणि खिडकीखालचं जनरेटर सुरू झालं.

मिस्त्री चिडलेले होते. "बाई, कानात शिट्टी वाजून राह्यली. दिवसभर. मी नाई घेत आता सुई."

इंदूबाई लगेच म्हणाल्या, "सुई घ्यालच. कान गेले तं गेले, तुमी नाई गेले पायजे." मग माझ्याकडे वळून, "सांगा न बाई याईले. माह्यं नाई आयकत."

मी तपासणी केली. आठ हजारला दोन्ही कान खाली आले होते. थोडे नाही, चांगले खाली. मी पुन्हा आवाज सोडला, तेच.

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मी गेली कितीतरी वर्षं आठवून पाहते आहे. बाहेर लोक दार वाजवत होते. हा आकडा खरा धरला तर मला उठून छातीच्या विभागात जावं लागणार, डॉक्टरांना गाठावं लागणार, ते सापडले नाहीत तर थांबावं लागणार. मी कागदावर लिहिलं: जनरेटरचा आवाज, पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणे.

जनरेटरचा आवाज जाड असतो. तो आठ हजारच्या आवाजाला झाकत नाही. जाड आवाजांना झाकेल, बारीकला नाही. हे प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यात शिकवतात, आणि मी स्वतः कितीतरी शिकाऊ मुलींना शिकवलं होतं. मला माहीत होतं.

मिस्त्रींना मी म्हटलं, "अशक्तपणानं वाजतात कान. सुई बंद करू नका. इंदूबाई बरोबर सांगताहेत."

इंदूबाईंचा चेहरा खुलला. "आयकलं?" त्या नवऱ्याला म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी ते आले नाहीत. दिवाळीनंतर हायवेवर ट्रकची वर्दळ वाढते, त्यांच्या दुकानाला फुरसत नव्हती. इंजेक्शन मात्र गावातल्या कंपाउंडरकडून रोज चालू होतं. ते आले तेव्हा सहा आठवडे उलटून गेले होते. बाकावर बसलेल्या मिस्त्रींना मी नावानं हाक मारली. त्यांनी मान वर केली नाही. इंदूबाईंनी दंडाला धरून उठवलं.

खोलीत मी आवाज सोडत गेले. आठ हजार, सहा हजार, चार, दोन. मशीन शेवटच्या टोकापर्यंत नेलं. मिस्त्री काचेतून माझ्याकडे बघत होते, बटणावर अंगठा तयार ठेवून. मी कधी आवाज सोडेन याची वाट बघत होते. खालच्या जाड आवाजांना तेवढं दोनदा बटण दाबलं गेलं.

मी कागद घेऊन छातीच्या विभागात गेले. डॉक्टर तरुण होते, भले होते. त्यांनी माझा आधीचा कागद काढला, वाचला, आणि कपाळाला हात लावला. "जनरेटरनं घात केला बघा. तेव्हा कळलं असतं तर डोस कमी केला असता, एक दिवसाआड दिला असता. कदाचित वाचले असते कान. कदाचित नसतेही." मी उभी होते. "तुमचा काय इलाज होता, कुंदाताई," ते म्हणाले. मी कागद गोळा करून माझ्या खोलीत परत आले.

मिस्त्रींचा टीबी बरा झाला. हे लिहिलं पाहिजे. त्यांचा जीव वाचला, वजन वाढलं. कानाला यंत्र दिलं, पण यंत्र आवाज मोठा करतं, मेलेल्या पेशी उठवत नाही. त्यांना त्यातून नुसती घरघर ऐकू यायची. दुकानात ते इंजिनावर तळहात ठेवून दोष शोधू लागले. काही दिवस चाललं. मग ड्रायव्हर लोक पुढच्या दुकानात जाऊ लागले, आणि मिस्त्री पंक्चर काढायला बसले.

यानंतर काही वर्षांनी आमच्याकडे मासे आले.

मृदुला मॅडम शरीरक्रिया विभागात नव्यानं लागल्या होत्या. तिशीतल्या, नागपूरच्या, बाहेर शिकून आलेल्या. एक्स-रे फिल्मा ठेवायची जुनी खोली त्यांनी मागून घेतली आणि तिथं काचेच्या टाक्या मांडल्या. टाक्यांत बोटाच्या दोन पेरांएवढे मासे, अंगावर निळे-रुपेरी आडवे पट्टे. झेब्रा मासा म्हणतात. मूळचा आपल्याच देशातल्या ओढ्यांतला, नाल्यांतला, आणि आता जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलेला. एका दुपारी मॅडम माझ्या खोलीत आल्या.

"कुंदाताई, तुम्ही आयुष्यभर बारीक आवाज मोजलेत. माझे बारीक ठिपके मोजाल का? मुलं घाई करतात, चुकतात."

घाई हा शब्द ऐकून मी हो म्हटलं असावं.

माशांचं काम मला आवडू लागलं. संध्याकाळी नर-मादी एका छोट्या टाकीत सोडायचे, तळाशी काचेचे कंचे, म्हणजे गोट्या, पसरायच्या. सकाळी दिवा लावला की मादी अंडी घालते. अंडी कंच्यांच्या फटींतून खाली जातात, नाहीतर आईबापच ती खाऊन टाकतात. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पापणीच्या केसाएवढी, आणि काचेसारखी आरपार. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचं हृदय धडधडताना दिसतं, रक्त पळताना दिसतं.

आणि केसपेशी दिसतात. माशाला पाण्याची हालचाल कळावी म्हणून डोक्यावर आणि दोन्ही कुशींवर बारीक ठिपके असतात, एकेका ठिपक्यात दहा-बारा केसपेशी. आपल्या कानात असतात तशाच, फक्त बाहेर, कातडीवर. त्या घडताना पाहणं हे तर नवलच. अंड्यात असतानाच पिल्लाच्या कानामागून पेशींचा एक पुंजका निघतो आणि शेपटीच्या दिशेनं सरकू लागतो. शेतात बाई सरकीचं एकेक बी मातीत टोबत जाते तसा तो ठरावीक अंतरावर एकेक ठिपका टाकत जातो. पाण्यात एक रंग घातला की केसपेशी तो पिऊन घेतात आणि हिरव्या चमकतात. चमकतील तेवढ्या मोजायच्या आणि वहीत लिहायच्या.

पहिले काही आठवडे मी नुसते निरोगी ठिपके मोजले. मग एका सोमवारी मॅडमनी पिल्लांच्या पाण्यात औषध घातलं. निओमायसिन. बाटलीवरचं नाव वाचून माझा हात थांबला. कनामायसिनच्याच कुळातलं. अर्ध्या तासानं पिल्लं धुऊन, रंगवून भिंगाखाली घेतली. अंधार. जिथं बारा चमकत होत्या तिथं एकही नाही. पिल्लू जिवंत होतं, हृदय चालू होतं, नुसत्या त्या पेशी गेल्या होत्या. मी वहीत शून्य लिहीत गेले. शून्य, शून्य, शून्य. मिस्त्रींच्या शेवटच्या कागदाची मला आठवण झाली.

मंगळवारी मॅडम म्हणाल्या, "आज पुन्हा मोजा." एकेका ठिपक्यात तीन-चार हिरव्या पेशी होत्या. मला वाटलं काल माझंच चुकलं. बुधवारी सात-आठ. गुरुवारी जवळजवळ पहिल्याइतक्या. मी तीनदा मोजलं. मग खुर्ची मागे घेऊन बसून राहिले.

"परत आल्या," मॅडम म्हणाल्या. "माशांत येतात. कोंबडीतसुद्धा येतात. आपल्यात नाही."

"का?"

"केसपेशीच्या शेजारी आधार द्यायला दुसऱ्या पेशी असतात. माशात केसपेशी मेली की ही शेजारीण दुभंगते आणि नव्या केसपेशी तयार करते. आपल्या कानात ती नुसती पसरते आणि पडलेलं भोक बुजवते. बस. तिला दुभंगायचं कसं हे ठाऊक असतं की नसतं, की ठाऊक असून ती थांबलेली असते, तेच शोधायचंय."

"किती वर्षं लागतील?"

मॅडमनी भिंगावरचा दिवा बंद केला. "तुमच्या पेशंटांना नाही उपयोग व्हायचा, ताई."

एका मे महिन्यात भारनियमन वाढलं. वर्ध्याचा मे ज्यानं काढला आहे त्याला सांगायला नको. माशांना अठ्ठावीस अंश लागतं, खोली चाळिशीच्या वर गेलेली. आम्ही गोणपाटं भिजवून टाक्यांवर घातली, कँटीनमधून बर्फ आणून बाटल्यांत भरून पाण्यात सोडला. मासे आधी वर येऊन तोंडं उघडू लागले, मग उलटे होऊ लागले. चार दिवसांत एक टाकी सोडून सगळ्या गेल्या. चहाच्या गाळणीनं आम्ही ते बादलीत काढले. जून लागताच उरलेल्या एका टाकीतून मॅडमनी पुन्हा सुरुवात केली.

त्या माशांची एक छोटी बातमी कुठल्याशा पेपरात आली. बातमी देणाऱ्यानं मॅडमना काय विचारलं आणि काय समजून घेतलं देव जाणे, मथळा होता: माशांमुळे बहिरेपणा बरा होणार. मग लोक येऊ लागले. जन्मापासून बहिऱ्या लेकरांना कडेवर घेऊन आया आल्या. हिंगणघाटचे एक म्हातारे मासा कच्चा गिळायचा की शिजवून, एवढंच विचारायला आले होते. नाही म्हटलं तर म्हणाले, "मोठ्या लोकायसाठीच ठेवले असतीन." प्रत्येकाला मीच समजावून परत पाठवायची.

आणि एके दिवशी बाकावर श्रावण मिस्त्री बसले होते, शेजारी इंदूबाई. मिस्त्रींच्या खिशात बातमीचं कात्रण, चार घड्या घातलेलं. केस पिकले होते. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठा होतो तसा त्यांचा झाला होता.

"बाई, कवा देता सुई?" सगळा व्हरांडा वळून बघू लागला. "या खेपेले मी नाई म्हननार नाई."

मी त्यांना माशांच्या खोलीत घेऊन गेले. मिस्त्री सातवी शिकलेले, वाचता येत होतं. टाक्यांवर नोंदी करायची पाटी होती, तिच्यावर मी लिहिलं: हे औषध नाही. फक्त माशांत होतं. माणसात अजून नाही.

त्यांनी वाचलं. मग भिंगाकडे बोट दाखवलं. मी त्यांना औषध दिलेलं पिल्लू दाखवलं, अंधारलेलं. मग तीन दिवसांपूर्वी औषध दिलेलं दुसरं दाखवलं, हिरवे ठिपके परत आलेलं. इंजिनाचा माणूस तो, त्याला दोन्हींतला फरक समजावून सांगायची गरज नव्हती. बराच वेळ ते भिंगातून बघत राहिले.

"मंग माह्ये काऊन नाई आले परत?"

पाटीवर मी शेजारणीचं, भोकाचं सगळं लिहू शकले असते. खडू हातात होता. इंदूबाई पलीकडच्या टाकीशी उभ्या राहून मासे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मी लिहिलं: त्या दिवशी तुमचा कान जाताना मला दिसला होता. मी जनरेटरचं कारण लिहिलं. ते खोटं होतं. मी घाईत होते. डॉक्टरांना सांगितलं असतं तर कदाचित वाचला असता.

मिस्त्रींनी ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं. पुन्हा वरून वाचलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. राग असता तर मी ओळखला असता.

"काय लिवलं हो बाईनं?" इंदूबाईंनी वळून हातानं खुणावलं.

मिस्त्रींनी तळहातानं पाटी पुसली. "काई नाई," ते मोठ्यानं म्हणाले. "अजून टाइम हाय म्हंते. चाल."

त्यानंतर ते कधी आले नाहीत. दोनेक वर्षांत मृदुला मॅडमना बंगलोरला जागा मिळाली. मासे त्या घेऊन गेल्या, टाक्या राहिल्या. खोलीत पुन्हा जुन्या फिल्मा आल्या आणि मी पूर्ण वेळ माझ्या मशीनवर परत आले.

एका सकाळी रांगेत इंदूबाई एकट्याच दिसल्या. कपाळ मोकळं होतं. मी त्यांना आत घेतलं, खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"रिव्हर्समंदी मागं येनारी गाडी नाई आयकू आली त्याईले," त्या म्हणाल्या. "आपल्याच दुकानासमोर. मी टपरीतून वरडली. क्लिनर वरडला, गाडीचा पत्रा ठोकला. ते टायर पाह्यत बसले होते." एवढं सांगून त्या थांबल्या. पुन्हा बोलल्या तेव्हा आवाज कोरडा होता. "तेरवीले सासूनं समद्या लोकायसमोर म्हनलं, हिनंच सुया घ्यायले लावल्या. कान गेले तं गेले, असं हीच म्हने. म्या म्हनलं होतं न बाई. तुमच्यासमोरच म्हनलं होतं. आता दीर म्हंते, टपरी सोड, गावाकडं चाल, नाईतं माहेरी जाय. तुमाले इचाराले आली. मी हट्ट नसता केला तं कान वाचले असते काय?"

मी दार लावलं. त्या खोलीत दार लावलं की बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. आठ हजारचा आवाज, जनरेटर, रजा, डॉक्टर काय म्हणाले ते. सुई चालू ठेवा असं मीसुद्धा म्हटलं होतं ते. तुमचा हट्ट बरोबर होता, त्यानंच ते इतकी वर्षं जगले, पुढचं काम माझं होतं आणि ते मी केलं नाही, असंही सांगितलं.

"त्याईले मालूम होतं?"

"मी पाटीवर लिहिलं होतं. मासे पाहायला आलात त्या दिवशी."

इंदूबाई हेडफोन अडकवायच्या खुंटीकडे बघत राहिल्या. "कान गेले तवापासून मी रोज त्याईची माफी मागत होती," त्या हळूच म्हणाल्या. "आयकू येत नाई त्याईले, तरी मागत होती. आन् ते नुसते मान हलवत." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "काऊन नाई सांगतलं त्याईनं मले? तुमी तरी काऊन नाई सांगतलं?"

मी पाणी पुढे केलं. त्यांनी पेला घेतला नाही.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "जे आता सांगतलं ते. दवाखान्याच्या कागदावर. सही करून."

मी लिहिलं. सात-आठ ओळी झाल्या. लिहिताना दोनदा शब्द मऊ करावेसे वाटले, केले नाहीत. खाली सही केली, हुद्द्याचा शिक्का मारला, कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"हेच लिवलं न?"

"हेच."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. मग दुहेरी दार ढकलून त्या बाहेर गेल्या. दार उघडंच राहिलं. व्हरांड्यात सर्टिफिकेटवाल्यांची रांग होती. रांगेतल्या एका चष्मेवाल्या माणसासमोर इंदूबाईंनी कागद धरला.

"भाऊ, हे वाचून दाखवता काय मले?"

तो माणूस वाचू लागला, अडखळत, शाळेतल्यासारखं. मी मशीनच्या मागे उभी होते. माझं नाव आलं, हुद्दा आला. "हे मला माहीत असूनही मी खोटे कारण लिहिले," असं त्यानं वाचलं आणि तो थांबला. चष्म्यावरून एकदा उघड्या दाराकडे पाहिलं. रांगेतली डोकीही दाराकडे वळली होती. त्यानं उरलेलं भराभर, दबक्या आवाजात वाचून संपवलं आणि कागद परत केला.

इंदूबाईंनी तो घेतला नाही.

"आनखी एकडाव वाचा भाऊ," त्या म्हणाल्या. "जोरात वाचा."